रायफल पुसायला घेण्याआधी

ताई, तुमचे प्रश्न तीन आहेत. मुलगी नववीत आहे, इंदिरानगरहून नेमबाजीच्या रेंजवर जाते आणि तिच्यासाठी तुम्ही एक वापरलेली जर्मन एअर रायफल घेतलीत. ती किती दिवसांनी साफ करायची, हा पहिला. विकणाऱ्याने ‘दर रविवारी नळीत दोन थेंब तेल सोडत जा’ असं सांगितलंय, ते बरोबर का, हा दुसरा. आणि पुढच्या महिन्यात ती पहिल्यांदा .२२, म्हणजे काडतुसाची रायफल, हातात घेणार आहे, तर नेम धरण्याआधी काय काय तपासायचं, हा तिसरा.

तेलाचं उत्तर आधी देतो, कारण रविवार जवळ आलाय. नळीत तेल सोडू नका. सोडलं असेल तर पुढची गोळी मारायच्या आधी ते पुसून काढावं लागेल. कसं, ते खाली लिहितो.

मी फौजेत आर्मरर होतो. हत्यारं उघडणं, दुरुस्त करणं आणि तपासून परत देणं हेच बावीस वर्षं केलं. शेवटची पोस्टिंग देवळालीला झाली आणि मग नाशिक सोडवलं नाही. आता रेंजवर मुलांच्या रायफली बघतो. २०२४ साली १ ऑगस्टला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. शाळेच्या वयात तो नाशिकलाच नेमबाजी शिकला हे घरोघरी कळलं, आणि आमच्याकडे चौकशीला येणारे पालक वाढले. त्याबरोबर नव्या-जुन्या रायफलीही आल्या. मुलांना उभं कसं राहायचं, श्वास कुठे धरायचा हे प्रशिक्षक शिकवतात. घरी गेल्यावर रायफलीचं काय करायचं, हे मात्र बहुतेकांना कोणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून जरा लांबण लावून लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की बसवा. सफाई आणि सुरक्षा तपासणी ही दोन वेगळी कामं नाहीत. सफाईची पहिली पायरीच तपासणीची असते, आणि माझ्या डोळ्यांसमोर झालेले बहुतेक घोटाळे नेमबाजी चालू असताना झाले नाहीत. ते पुसताना, दाखवताना, पिशवीत भरताना झाले. कारण तेव्हा माणसाच्या मनात ‘आता ही रिकामी आहे’ असं बसलेलं असतं.

एका घरातला प्रसंग सांगतो. रविवारी मुलानं सराव संपवला, रायफल बॅगेत गेली, चेन लागली. गुरुवारी वडिलांनी ती पुसायला काढली. चार दिवस बॅग कोणी उघडली नव्हती, त्यामुळे त्यात छर्रा असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. पुसता पुसता बोट ट्रिगरला लागलं. समोरच्या कपाटाची काच फुटली आणि छर्रा आतल्या लाकडात रुतला. त्याच कपाटासमोर पाच मिनिटांपूर्वी धाकटी मुलगी दप्तर भरत बसली होती. रविवारी घाईघाईत ‘स्टॉप’ची आज्ञा झाली तेव्हा मुलानं छर्रा आत ढकललेला होता. त्यानं रायफल तशीच ठेवली होती.

एअर रायफलीत हीच अडचण असते. .२२ चा बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, मागे ओढला की चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, उघडी दिसते, काडतूस असेल तर बाहेर पडतं. एअर रायफलीत छर्रा एकदा नळीत ढकलला की लीव्हर उघडूनही तो दिसत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत एअर रायफलीच्या सेफ्टी फ्लॅगबद्दल, म्हणजे रायफल रिकामी असल्याची खूण म्हणून नळीत घालायच्या रंगीत दोरीबद्दल, वेगळी अट आहे: ती दोरी नळीच्या पूर्ण लांबीतून आरपार गेली पाहिजे. मागून आत आणि पुढून बाहेर, दोन्ही टोकं दिसली पाहिजेत. छर्रा असेल तर दोरी अडते. रिकामी असल्याचा याहून सोपा पुरावा मला माहीत नाही. बाजारात तयार मिळते, नाहीतर गवत कापायच्या मशीनला लागते ती नारिंगी नायलॉनची दोरी हार्डवेअरच्या दुकानातून घ्या. नळीत सहज सरकेल एवढ्या जाडीची घ्या, घट्ट बसणारी नको. रायफल नेमबाजीच्या जागेवर नसेल तेव्हा, म्हणजे बॅगेत, घरी, गाडीत, ही दोरी आत असलीच पाहिजे.

दोरी अडली तर छर्रा मागून ठोकून काढायच्या भानगडीत घरी पडू नका. रायफल सुरक्षित दिशेला ठेवा, रेंजवर न्या आणि तो छर्रा टार्गेटच्या पेटीतच मारून मोकळा करा. तोपर्यंत ती भरलेली रायफल आहे असं समजून घरातल्या सगळ्यांना सांगा.

फौजेत आम्हाला सवय लावली होती: हत्यार हातात देणाऱ्यानं मोकळं करून दाखवायचं आणि घेणाऱ्यानं पुन्हा स्वतः बघायचं. समोरचा सुभेदार असो नाहीतर सख्खा भाऊ, दोनदा बघायचं. एनसीसीत मुलं ‘जाँच शस्त्र’ची आज्ञा शिकतात, त्यामागचा हेतू हाच आहे. तुमच्या घरातही हे लावा. मुलीनं ‘रिकामी आहे गं आई’ म्हटलं तरी ‘दाखव’ म्हणा. तिला राग येणार नाही. आठवडाभरात ती न सांगता दाखवायला लागेल.

आता एअर रायफलीची सफाई. तुमची रायफल दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी आहे असं तुम्ही लिहिलंय. तिच्यात बारूद नाही, काही जळत नाही, त्यामुळे काजळी साठत नाही. नळीत राहतो तो शिशाचा पातळ थर आणि छर्ऱ्यांवर आलेली धूळ-भुकटी. त्यावर तेल टाकलं की शिशाची भुकटी त्यात कालवली जाते. मग एक छर्रा जास्त घसरतो, दुसरा अडखळतो, आणि एका जागी पडणारे छर्रे इकडेतिकडे जायला लागतात. १० मीटरच्या एअर रायफल टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटरचा. एवढ्या बारीक खेळात दोन थेंब तेल म्हणजे फार मोठी गोष्ट झाली. मुलगी मात्र स्वतःलाच दोष देत बसते की आज हात हलतोय.

स्प्रिंगवर चालणाऱ्या साध्या एअर रायफलीत हेच तेल धोक्याचं ठरतं. तिथे पिस्टन हवा इतक्या जोरात दाबतो की ती एकदम तापते आणि तेलाची वाफ पेटते. डिझेल इंजिनात होतं तेच. मोठा आवाज होतो, नळीच्या तोंडातून धूर येतो, छर्ऱ्याचा वेग भलताच वाढतो आणि आतलं सील व स्प्रिंग खराब होते. तुमच्या भाच्याकडे तशी एअरगन असेल तर त्यालाही हे सांगा.

पुसायचं कसं? खोलीत तुम्ही आणि मुलगी दोघीच, धाकटी भावंडं बाहेर. छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत. रायफलीचं तोंड अशा भिंतीकडे ज्याच्या पलीकडे कोणी नाही. दोरी घालून रिकामी असल्याची खात्री करा, मग दोरी काढून सिलिंडर काढा. सिलिंडर काढल्यावरही आत एखाद्या वाराची हवा उरते, ती त्याच सुरक्षित दिशेला तोंड ठेवून मोकळी सोडा. मग लीव्हर उघडा.

त्याच नायलॉनच्या दोरीचा एक तुकडा घ्या. एक टोक मेणबत्तीवर धरून वितळवा म्हणजे त्याला छोटी गाठ येते, दुसरं टोक कात्रीनं तिरकं टोकदार कापा. जुन्या सुती फ्लॅनेलचा नखाएवढा तुकडा त्या टोकातून ओवून गाठीपर्यंत न्या. टोकदार बाजू मागून, म्हणजे छर्रा भरतो तिथून घाला आणि पुढून बाहेर ओढून घ्या. दिशा नेहमी हीच, मागून पुढे. उलट ओढलं तर सगळा मळ हवेच्या छिद्रापाशी जमा होतो. पहिल्या तुकड्याला एअर रायफलीसाठी मिळणाऱ्या क्लीनरचा एक थेंब पुरे, नंतरचे दोन-तीन कोरडे. पहिला काळपट राखाडी येईल, तिसरा फिकट. तिथे थांबा. अगदी पांढराशुभ्र येईपर्यंत घासत बसायचं नाही. पितळी ब्रश एअर रायफलीच्या नळीत कधीच नको, आणि अमोनियाचा वास येणारं रसायनही नको. आतल्या रबरी सीलचं त्यानं वाटोळं होतं.

दुकानात फेल्टच्या गोळ्या मिळतात, छर्ऱ्यासारख्या भरून मारायच्या. तुमच्या प्रकारच्या रायफलीत त्या चालतात, दोन एकत्र भरून. स्प्रिंगच्या रायफलीत मी त्या वापरू देत नाही. पुढे अडवणारं वजनच नसल्यामुळे पिस्टन जाऊन आदळतो.

किती दिवसांनी? माझा हिशेब दिवसांचा नाही, छर्ऱ्यांचा आहे. साधारण हजार छर्ऱ्यांनंतर एकदा. तुमची मुलगी दिवसाला साठ-सत्तर मारत असेल आणि आठवड्याला पाच दिवस जात असेल, तर तीन आठवड्यांनी एकदा झालं. सरावाच्या वहीत शेवटच्या पानावर आकडा लिहीत जायला सांगा. पुसल्यावर पहिले दहा-वीस छर्रे थोडे भटकतात, नळी पुन्हा ‘बसते’, मग छर्रे एका जागी पडायला लागतात. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी साफ करायची नाही. हौसेनं सगळेच पालक तेव्हाच करतात. चार-पाच दिवस आधी करा आणि त्यानंतर दोन सराव होऊ द्या.

रोज करायचं ते वेगळं, आणि ते दोन मिनिटांचं आहे. गाल टेकतो, हात लागतो, घाम लागतो त्या सगळ्या लोखंडी भागावरून कोरडं फडकं, मग तेलाचा नुसता वास असलेलं फडकं. शिलाई मशीनचं पातळ तेल बाहेरच्या भागाला चालतं. खोबरेल अजिबात नको. चोवीस अंशांच्या खाली ते गोठायला लागतं आणि नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. डिसेंबरच्या सकाळी त्याचा पांढरा साका स्क्रूंमध्ये बसलेला मी स्वतः खरवडून काढलाय. ट्रिगरच्या यंत्रणेत कुठलंच तेल नको, स्प्रेही नको. तेल धूळ धरतं, ट्रिगर चिकट होतो किंवा नको तिथे सुटतो. रायफलच्या ट्रिगरला १० मीटरमध्ये किमान वजनाची मर्यादा नाही, म्हणून तो मुद्दाम फार हलका लावलेला असतो. तशा ट्रिगरशी घरी खेळ करायचा नाही. काही बिघडलं वाटलं तर माझ्यासारख्या कोणाला तरी दाखवा.

सिलिंडरबद्दल मी जरा कडक आहे. त्यात साधारण २०० बार दाब असतो. मोटारच्या चाकात जेमतेम दोन-अडीच बार असतो, यावरून अंदाज घ्या. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि कंपनीनं मुदत दिलेली असते, बहुतेकांची दहा वर्षं. मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत वापरता येत नाही, आणि मुदत सांभाळणं ही नियमानं खेळाडूचीच जबाबदारी आहे. वापरलेल्या रायफलीत नेमकं हेच बघायचं राहून जातं. बाहेरून चकचकीत असला तरी तारीख बघा. त्यात फक्त कोरडी, गाळलेली हवा भरायची. कोणी ऑक्सिजन भरून देतो म्हणालं तर दारातूनच परत या. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाच्या किंवा ग्रीसच्या जराशा अंशाला लागला तरी स्फोट होतो. हातपंपानं भरत असाल तर पावसाळ्यात हवेबरोबर पाणीही आत जातं. मध्ये मध्ये थांबून पंपाची पाणी सोडायची झडप उघडायची.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे. जून ते सप्टेंबर माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या निम्म्या रायफलींना गंज चढलेला असतो, आणि बहुतेक वेळा दोष बॅगेच्या आतल्या फोमचा असतो. फोम ओल धरून ठेवतो. रेंजवरून भिजत आलात, बॅग तशीच कपाटात ठेवली, आठ दिवसांनी उघडली, की नळीवर तांबूस ठिपके. घरी आल्यावर रायफल बॅगेतून काढायची, पुसायची आणि कुलूपबंद कपाटात उभी ठेवायची, बॅग उघडी करून पंख्याखाली वाळवायची. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याला बदला किंवा वाळवा. थंडीत उलटं होतं. पहाटे गार गाडीतून आणलेली रायफल एकदम उबदार खोलीत उघडली की तिला दव सुटतं. बॅग अर्धा तास बंदच राहू द्या, मग उघडा.

निफाड-दिंडोरीकडून येणाऱ्या मुलांच्या पालकांना मी आणखी एक सांगतो: द्राक्षबागेच्या फवारणीचं सामान जिथे ठेवता त्या खोलीत रायफल ठेवू नका. भुरीवर मारायची गंधकाची भुकटी आणि दमट हवा मिळून लोखंड खाते.

आता .२२. इथे बारूद आहे, आवाज आहे, आणि चूक झाली तर काच फुटण्यावर भागत नाही. नियमही बदलतात. .१७७ बोअरची, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्याची, २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याशिवाय ठेवता येते. तुमच्या मुलीची मॅच रायफल साधारण साडेसात-आठ ज्यूलची असते. .२२ मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याचं हत्यार आहे. त्यामुळे ती सध्या रेंजवरचीच, प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच हाताळेल आणि साफसफाईही तिथेच करेल. परवाना लागत नाही म्हणजे एअर रायफल खेळणं झालं, असं मात्र समजू नका. साडेसात ज्यूल डोळा कायमचा घालवायला पुरेसे असतात.

.२२ च्या गोळीला तांब्याचं कवच नसतं. साधं शिसं आणि त्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा लेप. म्हणून तांबं काढणारी तिखट रसायनं इथे नकोत. मळ साठतो तो जास्त करून चेंबरच्या लगेच पुढे, कडं धरल्यासारखा: मेण, शिसं, जळलेलं बारूद. पेटण्याचा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला असतो आणि बऱ्याच काडतुसांत त्यात काचेची बारीक पूड असते. तो चुरा नळीत तसाच ठेवून कोरडी चिंदी घासली तर आपणच पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. म्हणून पहिली चिंदी ओली. ती एकदा आरपार न्यायची, दहा मिनिटं थांबायचं, मग कोरड्या.

फौजेत आणि एनसीसीत पुलथ्रू असतो, दोरीला वजन बांधलेला. त्याची चिंदी ठरलेल्या मापाची: साफ करायला चार इंच बाय दोन, तेल लावायला चार बाय दीड. तेलानं कापड फुगतं म्हणून दुसरी लहान. मापापेक्षा मोठी चिंदी घातली की अडकते. मी अडकलेल्या चिंद्या किती काढल्या असतील याची गणती नाही. दोरी ओढताना सरळ रेषेत ओढायची. तिरकी ओढली तर ती नळीच्या तोंडाच्या कडेवर घासते आणि वर्षानुवर्षांत तिथे खाच पडते. ती कड म्हणजे गोळीचा नळीशी शेवटचा स्पर्श. तिथे एका बाजूला जरा जरी झिजलं तरी मागचा वायू एका बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला धक्का देतो. सळई वापरायची तर एकसंध, लेप दिलेली, चेंबरच्या बाजूनं, आणि मार्गदर्शक नळी बसवून. ब्रश क्वचित. नळीच्या मधोमध त्याची दिशा उलटवायची नाही.

बोल्ट काढून त्याचं तोंड, काडतूस ओढणारा आकडा आणि चेंबरची कड पुसा. दात घासायचा जुना ब्रश त्याला उत्तम. रोज एवढं केलं तर नळीची पूर्ण सफाई मी दोनशे-तीनशे गोळ्यांनंतर करतो. रायफल आठवडाभर पडून राहणार असेल तर नळीत तेलाचा हलका हात द्या, पण नेमबाजीआधी तो कोरड्या चिंदीनं पूर्ण काढा, विशेषतः चेंबरमधला. चेंबरमध्ये तेल असेल तर काडतुसाची पकड राहत नाही आणि बोल्टवर जादा धक्का बसतो.

नेमबाजीआधीच्या तपासणीत सगळ्यात मोठी गोष्ट एकच: नळी मोकळी आहे हे डोळ्यांनी बघणं. नाशिकबाहेरच्या एका शिबिरात मी नवीनच मदतीला गेलो होतो. सकाळच्या सफाईत एका मुलाची चिंदी पुलथ्रूवरून सुटून नळीत राहिली. त्याला वाटलं गळून पडली असेल. फायरिंगला पहिली गोळी झाडली तर आवाज दबका आला, टार्गेटवर काहीच नाही. शेजारच्यानं सांगितलं, ‘नेम चुकला असेल, पुढची मार.’ मी धावत जाऊन पोहोचेपर्यंत त्यानं दुसरी मारली. पहिली गोळी चिंदीसकट आत अडकून बसली होती. नळीला मध्येच अंगठी घातल्यासारखा फुगवटा आला. मुलगा वाचला, कारण .२२ चा दाब कमी असतो आणि पोलाद चांगलं होतं. त्या सकाळी दोन जागी माझंही चुकलं असं मी मानतो: सफाईनंतर प्रत्येक नळीतून उजेड बघितला नव्हता, आणि दबक्या आवाजाचा अर्थ मुलांना आधी सांगितला नव्हता.

तेव्हापासून माझ्या हाताखालून गेलेली प्रत्येक .२२ बोल्ट काढून, चेंबरच्या बाजूनं डोळा लावून, पुढे पांढरा कागद धरून बघितली जाते. नळीत स्वच्छ गोल उजेड दिसला पाहिजे. तोंडाकडून आत डोकावायचं नाही. आणि मुलीला हे घोकून घ्यायला लावा: आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, धक्का कमी जाणवला, टार्गेटवर भोक नाही, तर थांबायचं, हात वर करून रेंजच्या अधिकाऱ्याला बोलवायचं. ट्रिगर ओढूनही काडतूस उडालंच नाही, तर तोंड टार्गेटकडेच ठेवून किमान ३० सेकंद धरून राहायचं, मगच अधिकाऱ्यासमोर बोल्ट उघडायचा. काडतूस उशिरानं उडू शकतं. स्पर्धेची वेळ चालली आहे म्हणून बोल्ट पटकन उघडायचा मोह होतो. ती वेळ गेली तर जाऊ द्यावी.

बाकीची तपासणी पटकन सांगतो. नळी-दस्ता जोडणारे स्क्रू कंपनीनं सांगितलेल्या ताणाला टॉर्क रेंचनं बघा. स्कूटरवरून आणि खड्ड्यांतून आलेल्या रायफलीचे स्क्रू ढिले होतात, आणि ढिला स्क्रू हा माझ्या अनुभवात ‘आज अचानक काय झालं’ याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. नेम धरायची मागची आणि पुढची साइट हलते का बघा, आतल्या रिंगमध्ये कापडाचा धागा नाही ना बघा, साइट फिरवायच्या बटणांच्या क्लिकचे आकडे वहीतल्या आकड्यांशी जुळवा. बोल्ट बंद करून, रिकाम्या रायफलीचा बट रबरी चटईवर हलका आपटून ट्रिगर आपोआप सुटत नाही ना बघा, तेही अधिकाऱ्याला सांगून. .२२ वर रिकामा ट्रिगर ओढून सराव करायचा तर ड्राय फायरची सोय असलेल्या रायफलीवरच. नाहीतर पिन चेंबरच्या कडेवर आपटत राहते आणि तिथे खळगा पडतो. वापरलेलं काडतूस आत ठेवून करणारे आहेत, पण शिकाऊ मुलांच्या हाती मी ते देत नाही. रिकामं कुठलं आणि भरलेलं कुठलं, हा गोंधळ त्या वयात नको. कानात प्लग, डोळ्यांवर चष्मा, पायात बंद बूट.

बॅग उघडायची ती नेमबाजीच्या रेषेवर, अधिकाऱ्यानं सांगितल्यावर, तोंड टार्गेटकडे करून. फ्लॅग काढायचा तो ‘लोड’ची परवानगी मिळाल्यावरच. कोणीही टार्गेटकडे पुढे गेलं असेल तर रायफलीला हातही लावायचा नाही. नेम धरून बघायचा नाही, स्क्रू आवळायचा नाही, पुसायचीसुद्धा नाही. ‘स्टॉप’ म्हटलं की बोट बाहेर, रिकामी, फ्लॅग आत, खाली. रेषेवरून उचलण्याआधी अधिकाऱ्यानं बघितलेलं असलं पाहिजे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आई म्हणून तुम्हाला हे सांगायलाच हवं: शिसं. छर्रे शिशाचे, टार्गेटच्या पेटीतली भुकटी शिशाची, सफाईच्या चिंदीवर शिसं. वाढत्या वयाच्या मुलांना ते जास्त बाधतं. काही मुलं छर्रे ओठांत धरून भरतात, तिला तसं करताना दिसलं तर लगेच थांबवा. सराव झाल्यावर रेंजवरच साबण आणि गार पाण्यानं हात, मनगटं, तोंड धुवायचं. रविवारच्या सरावानंतर सगळी पोरं मिसळ खायला जातात, जावं, पण हात धुऊन. शूटिंगचं जॅकेट घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका. वापरलेल्या चिंद्या एका पिशवीत बांधून टाका, फरशी पुसायच्या फडक्यांत त्या जाऊ देऊ नका. सफाई ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर नको. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर करा आणि तो कागद गुंडाळून टाकून द्या.

येत्या रविवारी रायफल घेऊन आलात तर तुमच्यासमोर मुलीच्याच हातून एकदा सगळं करवून घेतो. नळीत आधी तेल गेलं असेल तर तेही तेव्हाच काढू. निघण्याआधी सिलिंडरवरची तारीख बघून कागदावर लिहून आणा. दहा वर्षांच्या पुढची असेल तर तो भरू नका, रिकामाच घेऊन या. आणि आरपार जाणारी नारिंगी दोरी घरूनच घालून आणा.